शिबिराचा रविवार

डॉक्टरांबद्दल लिहायचं मी कित्येक वर्षं टाळत आलो. पेणला आमच्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर त्यांचा विषय निघाला की मी भाजी घ्यायची आठवण होऊन उठायचो. एकदा एका अंकासाठी ‘आठवणीतला माणूस’ लिहून द्या म्हणून संपादक घरी आले, तेव्हा मी धाटावच्या कंपनीतल्या माझ्या एका जुन्या मॅनेजरवर चार पानं लिहून दिली. तो मॅनेजर मला कधीच आवडला नव्हता. पण त्याच्याबद्दल लिहिणं सोपं होतं, कारण त्याची मला माफी मागायची नव्हती.

आता टाळायला फार दिवस उरलेले नाहीत. म्हणून सांगतो. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, तोंडाने फटकळ, वागायला आडमुठा, त्याच्या दारावरून जाताना आपण पावलं जरा भरभर उचलतो असा. त्याला डोळ्यांसमोर ठेवून वाचा.

“आलात? जाणार कधी?”

दारात उभ्या राहिलेल्या कुठल्याही परक्या माणसाला डॉक्टर पहिला प्रश्न हा विचारायचे. या नाही, बसा नाही, पाणी हवं का नाही. सोयरीक घेऊन आलेल्या पाहुण्यांनाही हेच आणि निवडणुकीत मतं मागायला आलेल्या उमेदवारालाही हेच. लोकांना वाटायचं, केवढा हा उर्मटपणा! खरी गोष्ट अशी की कासू स्टेशनवर उतरून खाडीच्या अंगाला गेलं की त्यांचं गाव लागायचं आणि गावाचा रस्ता मोठ्या भरतीला पाण्याखाली जायचा. वेळेत निघाला नाहीत तर अडकलात. डॉक्टर तुमच्या परतीची काळजी करत असत. फक्त त्यांना ती काळजीसारखी दाखवता येत नसे.

माझी त्यांची ओळख आधी अक्षरातून झाली. धाटावच्या केमिकल कंपनीत मी पर्सोनेलला होतो. आजारपणाच्या रजेसाठी कामगार डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणत. सगळ्या चिठ्ठ्या एकसारख्या, सगळ्यांना एकच ताप. खाडीकाठच्या या डॉक्टरांची मात्र एक चिठ्ठी माझ्या टेबलावर आली: “या इसमास काहीही झालेले नाही. बहिणीचे लग्न होते व तो नाचला. पाय दुखतात हे खरे आहे. रजा द्यावी.” मी ती चिठ्ठी सगळ्या ऑफिसला वाचून दाखवली आणि रजा मंजूर केली. पुढच्या सुट्टीत मुद्दाम त्यांना बघायला गेलो. बनियन-लुंगीतला, टक्कल पडलेला, बुटका माणूस ओटीवर बसून एका बाईला झापत होता.

ती बाई भिमाबाय. मिठागरात जन्म काढलेली, उन्हाने रापलेली, आवाजाने खणखणीत.

“गोळ्या घेतल्यास का गो?”

“घेतल्या की.”

“खोटं बोलतेस. सुकट खाल्लीस ना सकाळी? वास येतोय.”

“मंग काय खाव? तुमचं डोकं?”

“खा! त्यात मीठ नाय, प्रेशर तरी वाढणार नाय.”

मग माझ्याकडे वळून, “आलात? जाणार कधी?”

ते काही फार मोठे डॉक्टर होते असं मी म्हणणार नाही. आयुर्वेदाची पदवी होती. मूळचे घाटावरचे, तरुणपणी इथे आले आणि राहिले. इंजेक्शन जरा सढळ हाताने देत. फी सोडत नसत. नाही दिली तर भर रस्त्यात ओरडत, आणि पैसे नसले तर कोंबडी, कोळंबी, वालाच्या शेंगा, काय असेल ते ठेवून घेत. संतपणा त्यांच्यात नव्हता. पण दार उघडं असायचं. सकाळी, दुपारी, शिमग्यात, गौरी-गणपतीत. त्या गावात आजारी पडायला मुहूर्त बघावा लागत नसे.

मी निवृत्त झालो आणि पेणला घरी बसून कंटाळलो. त्याच सुमारास एका मोठ्या वैद्यकीय मदत संस्थेने पेणमध्ये कार्यालय थाटलं. नाव सांगत नाही. पूर, भूकंप, दंगल, कुठेही धावून जाणारी, चांगलं नाव असलेली संस्था. त्यांना स्थानिक समन्वयक हवा होता. माझं बोलणं बरं, खाडीकाठची ओळख दांडगी, वडिलांचं शेत त्याच पट्ट्यात होतं. त्यांनी मला बोधचिन्ह असलेलं निळं जाकीट दिलं. पेणच्या दमट हवेत जाकीट घालून घामाने निथळत फिरायचो, पण काढत नव्हतो. पांढऱ्या गाडीत ड्रायव्हरशेजारी बसून वडखळच्या नाक्यावरून जाताना लोक हात करायचे. नोकरीत मला कुणी कधी हात केला नव्हता.

प्रकल्पप्रमुख एक मॅडम होत्या. त्यांच्याबद्दल वाईट लिहिणं मला सोपं गेलं असतं, पण ते खोटं होईल. बाई मनाच्या चांगल्या होत्या. पायाला कुजलेली जखम असलेल्या म्हाताऱ्यासमोर चिखलात गुडघे टेकून बसत. मला ‘काका’ म्हणत. “काका, तुम्ही आमचा इथल्या मातीतला आवाज आहात,” असं म्हणाल्या होत्या. तो आवाज मी त्यांना कसा वापरू दिला, तेच सांगायचं आहे.

त्या वर्षी श्रावणात मोठ्या उधाणाने गावाचा खाडीकडचा बांध फुटला. आमच्याकडे बांधाला असं भगदाड पडलं की ‘खांड गेली’ म्हणतात. नुकती लावणी झालेल्या भातात खारं पाणी शिरलं, घरांतही शिरलं. डॉक्टरांच्या ओटीला पाणी लागलं होतं आणि ते टेबलावर पाय वर घेऊन बसून पेशंट तपासत होते. आम्ही होडीतून पोहोचलो. पहिल्या दिवसांत संस्थेने जे केलं त्याला तोड नाही, हे मी आजही म्हणेन. औषधं आली, पिण्याचं पाणी आलं, तरुण डॉक्टर मुलंमुली न थकता राबली. डॉक्टरांनीही त्यांना आपली ओटी वापरायला दिली. अर्थात आधी विचारलंच, “जाणार कधी?” मुलांना हसू आलं. मॅडम म्हणाल्या, “तुम्ही नको म्हणेपर्यंत नाही.”

“असं बोलू नये,” डॉक्टर म्हणाले. “मी आत्ताच नको म्हटलं तर?”

सगळे हसले. डॉक्टर हसले नाहीत.

आता खांडीबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. अमावस्या-पौर्णिमेला समुद्राला उधाण असतं. अष्टमीच्या आसपास पाणी मवाळ होतं, त्याला भांग म्हणतात. खांड बुजवायची तर त्या भांगाच्या दिवसांतच, ओहोटीला. तेव्हा घरटी एक माणूस बांधावर जातो. जायलाच लागतं. चिखलाची ढेकळं कापायची, माणसांची रांग लावून हातोहात पोहोचवायची, पेंढा-बांबू घालून तुडवायची. रांग तुटली की टाकलेला चिखल पाण्याबरोबर वाहून जातो. त्या भांगात खांड मिटली तर वरचा पाऊस जमिनीतला खार धुऊन काढतो, निम्मं तरी भात हाती लागतं. नाही मिटली तर पुढचं उधाण भगदाड दुप्पट करतं. हे खाडीकाठच्या शाळकरी पोराला ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. माझे वडील त्या रांगेत उभे राहिलेले मी पाहिले आहेत.

आणि नेमक्या त्याच भांगात, रविवारी, संस्थेने महाआरोग्य शिबिर ठरवलं.

समाजमंदिरात बैठक झाली. बांधाचं काम बघणारे नारायणदादा उभे राहिले. “म्याडम, शिबिर करा, आमी नाय म्हनत नाय. पन ह्या भांगात नको. खांड मिटू द्या. मंग कवापन करा.”

मॅडम म्हणाल्या, “दादा, मुंबईहून तज्ज्ञ डॉक्टर येणार आहेत, देणगीदार येणार आहेत. त्यांच्या तारखा पुन्हा मिळत नाहीत. आणि आरोग्य सगळ्यात आधी, नाही का?”

तेव्हा मागून डॉक्टर उठले.

“तारीख कोणाला विचारून ठरवली?”

“आम्ही ग्रामपंचायतीला कळवलं होतं.”

“कळवलं. विचारलं कोणाला?”

मॅडम शांतपणे म्हणाल्या, “डॉक्टर, आम्ही कुणाचं वाईट करायला आलेलो नाही.”

“वाईट करायला कोणीच येत नाय, बाई. मीसुद्धा वाईट करायला इंजेक्शन देत नाय, तरी एखाद्याला सूज येते. पण सूज आली की तो सकाळी माझ्या दारात येतो, आईबहिणीवरून शिव्या देतो, मी ऐकतो. तुमचं चुकलं तर या लोकांनी जायचं कुठं? तुमचं दार कुठाय?”

  मला वाटतं, त्या क्षणी मॅडम तारीख बदलायला तयार झाल्या असत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी या मातीतला आवाज. मी जाकीट सारखं करून उभा राहिलो.

“डॉक्टरसाहेब,” मी म्हणालो, “खांडीचं नाव कशाला पुढे करता? फुकट औषध मिळालं तर तुमचा धंदा बुडेल, ही खरी अडचण आहे. तेवढं मोकळेपणी बोला की.”

आधी कुणीतरी फिसकन हसलं. मग भिमाबाय तिच्या खणखणीत आवाजात ओरडली, “व्हय रं डाक्टर! आता फुकटची कोंबडी कोन देल तुला?” आणि सगळं समाजमंदिर हसलं. ती बिचारी गमतीत बोलली होती, रोज बोलायची तशीच. पण माझ्या वाक्यानंतर आल्यामुळे त्या गमतीचा दगड झाला. ज्यांच्यावर डॉक्टर भर रस्त्यात फीसाठी ओरडले होते, त्यांना एकदम सगळं पटलं.

सगळ्यांना उलट उत्तर देणारा तो माणूस नुसता मागे वळला. चप्पल शोधली, पायात घातली आणि निघून गेला.

रविवारी शिबिर दणक्यात झालं. मांडव, स्पीकर, टोकनसाठी रांगा. तपासणी करून घेणाऱ्या प्रत्येकाला घोंगडी आणि बादली मिळणार होती, पण स्वतः हजर असेल त्यालाच. म्हणून घरटी एक नाही, घरातलं झाडून सगळं माणूस आलं. रांगेत जागा जाऊ नये म्हणून बांधावर जाणारे हात टोकन धरून उभे राहिले. मी माईकवर होतो. मांडव उंचवट्यावर असल्यामुळे तिथून बांध दिसायचा. खांडीपाशी मूठभर माणसं चिखल टाकत होती. रांग कुठली, दोन माणसांत एवढं अंतर की ढेकूळ हातोहात न जाता उचलून चालत न्यावं लागत होतं. त्यात एक टक्कल चमकत होतं. दवाखाना बंद करून डॉक्टर चिखलात उतरले होते. त्यांचं म्हणणं, माझं घर या गावात आहे, म्हणजे माझ्या घरचा माणूस बांधावर पाहिजे.

मी ते पाहिलं आणि माईकवर पुढचं टोकन पुकारलं.

खांड मिटली नाही. सोमवारी सगळं गाव लाजेने बांधावर लोटलं, पण पाणी चढायला लागलं होतं. अमावस्येच्या उधाणाने टाकलेलं सगळं नेलं, वर बांधाचा मोठा तुकडा नेला, भात नेलं आणि गावाच्या पिण्याच्या तळ्यात खाडी शिरली. टँकर दोन दिवस आला नाही. लोक कुठल्या कुठल्या डबक्यांतलं पाणी प्यायले आणि घरोघर जुलाब-उलट्या सुरू झाल्या.

आता मला ज्या गोष्टीचा सगळ्यात जास्त संताप येतो ती ऐका. आम्ही पुन्हा धावून गेलो. संस्थेच्या गाड्या, सलाइनच्या बाटल्या, जाकिटं. आणि सोबत फिल्म काढणारे. आम्ही आणलेल्या आजारावर आम्हीच औषध दिलं आणि त्याला यश म्हटलं. जगात दुसरा कुठला धंदा आहे का असा, सांगा मला. गवंड्याने बांधलेली भिंत पडली तर त्याच गवंड्याला ढिगारा उपसल्याबद्दल कुणी हार घालतं का? पण ‘मदत’ म्हटलं की आपण प्रश्न विचारत नाही. विचारणारा माणूस नीच ठरतो. डॉक्टरांच्या दारात माणूस शिव्या देऊ शकत होता. आमच्याकडे बोर्डावर फोन नंबर होता. नारायणदादा माझ्याकडे येऊन म्हणाले, “तुमच्या सायबांना कुटं भेटायचं? भाताचं काय करायचं ते इचारायचंय.” मी म्हणालो, “वर कळवतो.” वर म्हणजे कुठे, हे मलाही माहीत नव्हतं.

त्या फिल्मला मराठी आवाज माझा आहे. मी नुसता बोललो नाही, वाक्यंही मीच घडवली. “या खाडीकाठी, जिथे डॉक्टरची सावलीसुद्धा पोहोचत नाही...” हे वाक्य माझं. पडद्यावर त्या वेळी जी ओटी दिसते, वाशाला टांगलेल्या सलाइनच्या बाटल्या दिसतात, ती डॉक्टरांची ओटी आहे. आमच्या गाड्या पोहोचण्याआधीपासून ते तिथे होते. चित्राच्या कडेला त्यांचा कोपर दिसतो. तेवढा कापायचा राहिला.

फिल्म गावातल्या मोबाइलवर फिरली, म्हणजे त्यांच्यापर्यंत जाणारच. काही दिवसांनी रस्त्यात गाठ पडली. मी नजर चुकवून गाडीत बसणार, तेवढ्यात ते म्हणाले, “आवाज चांगला हाय तुमचा.”

एवढंच. टोमणा मारल्यासारखंही नाही. खरंच चांगला आहे, अशा सुरात.

त्यानंतर दर गुरुवारी संस्थेची गाडी गावात येऊ लागली. तपासणी फुकट, औषध फुकट. तरुण डॉक्टर गोड बोलायचे, झापायचे नाहीत. लोक डॉक्टरांकडे जायचे थांबले. त्यांना मी दोष देत नाही. फुकट आणि गोड सोडून विकत आणि कडू कोण घेईल? शिवाय माझं वाक्य गावात राहिलंच होतं. डॉक्टर काही बोलले की कुणीतरी म्हणायचं, धंदा बुडाला ना म्हणून जळतोय. दाढीचा साबण आणायला दुकानात गेले तरी हेच कानावर. भिमाबाय तेवढी अधूनमधून ओटीवर जाऊन बसायची आणि शिव्या खाऊन यायची. पण गोळ्या तीही गाडीतल्याच घ्यायची.

मग एक दिवस डॉक्टरांनी दवाखान्याला कुलूप लावलं आणि रोह्याला मुलीकडे राहायला गेले. गावाने निरोप वगैरे दिला नाही. आपलं सामान त्यांनी टेम्पोत स्वतःच चढवलं, असं नारायणदादांनी सांगितलं.

आणि गाडी? गाडी बंद झाली. प्रकल्पाची मुदत संपली. मॅडमची दुसऱ्या राज्यात बदली झाली, तिथे मोठा पूर आला होता. जाताना मला शाल दिली आणि त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. त्या पाण्याचाही मला राग येतो. कार्यालयाच्या जागी आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे.

भिमाबायला गाडी बंद झाल्याचं कुणी नीट सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम माझं होतं. मी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज टाकला आणि मोकळा झालो. भिमाबायकडे कुठला मोबाइल? गोळ्या संपल्या तरी ती म्हणायची, येल की गुरुवारी. गुरुवारी सकाळी पिशवी घेऊन पारावर जाऊन बसायची. अशीच एकदा बसलेली असताना तिच्या छातीत कळ आली. मिनीडोर रिक्षातून पेणला नेत होते. वडखळ यायच्या आत गेली. गावात डॉक्टर असता तर ती वाचली असती का, मला माहीत नाही. पण वाचवायचा प्रयत्न कुणीतरी केला असता आणि निदान त्या गुरुवारी तिला कुणीतरी झापून गोळी दिली असती.

तिच्या तेराव्याला मी गेलो नाही. त्याऐवजी रोह्याला गेलो.

रोह्याच्या अलीकडचं निडी स्टेशन मागे पडलं तसं मी मनात वाक्यं जुळवायला घेतली. वाक्यं जुळवणं मला जमतं, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. डॉक्टरांची मुलगी शाळेत शिक्षिका. तिने दार उघडलं, “बाबा गच्चीत आहेत, या ना काका.” डॉक्टर खुर्चीत बसून वालाचे दाणे सोलत होते. अंगाने पार वाळले होते. मला पाहून ओळखीचं हसले आणि आधी माझा हातच हातात घेतला. मला भरून आलं. पण ते नाडी बघत होते.

“जिना चढून धाप लागली तुम्हाला. प्रेशरच्या गोळ्या घेता का?”

“घेतो. डॉक्टर, मी वेगळ्या कामासाठी आलोय. भिमाबाय गेली.”

“ठाऊक हाय.” सोललेले दाणे त्यांनी वाटीत टाकले. “लई भांडायची.”

“मला तुमची माफी मागायची आहे. त्या दिवशी समाजमंदिरात मी जे बोललो...”

त्यांनी हात वर केला. रागावले नव्हते. पेशंटने चुकीची जागा दाखवली की ते जसा हात करायचे, तसा.

“मला कशाला सांगता? माझा धंदा बुडत होता का नाय, ते मला माहीतच हाय. ज्यांना खोटं सांगितलं त्यांना खरं सांगा. तिथं बोललात, तिथंच जाऊन बोला.”

“गावासमोर?”

“मग काय रोह्याच्या गच्चीत? इथं आपण दोघं. इथं माफी मागितली की तुम्हाला बरं वाटेल. तेवढ्यासाठी एवढ्या लांब येऊ नये.”

 त्यांनी मला चहा पाजला, वालाची शेंग सोलायला लावली, मीठ कमी करा म्हणून झापलं. निघताना म्हणाले, “बोललात की सांगा मला. कोण काय म्हणालं ते ऐकायचंय. नारायण शिव्या देईल. देऊ द्या.”

मी शब्द दिला. आणि तुम्हाला खरं सांगतो, मी कासूला गेलो. एकदा नाही, तीनदा गेलो. एकदा स्टेशनवरच्या बाकावरून परत फिरलो. एकदा गावच्या वाटेला लागलो तर बांधाच्या आत, जिथे भात असायचं तिथे, माणसाहून उंच तिवरं वाढलेली दिसली. खाऱ्या पाण्यात वाढणारं ते झाड एकदा शेतात शिरलं की शेत परत मिळत नाही. मी तिथूनच वळलो. तिसऱ्यांदा नारायणदादा भेटले. मला शिव्या देतील म्हणून मी तयारीत होतो. ते म्हणाले, “या सायेब. लई दिसांनी. तुमच्या संस्थेला सांगा ना, पुन्ना एकांदी गाडी सुरू करा. तुमच्याबिगर आमाला कोन हाय?”

शिव्या दिल्या असत्या तर मी बोललो असतो.  ज्याने त्यांचा डॉक्टर घालवला त्याच्याकडेच ते डॉक्टर मागत होते, आणि हात जोडून मागत होते. मी “वर कळवतो” म्हणालो. हो, पुन्हा तेच म्हणालो.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस डॉक्टर गेले. मुलीचा फोन आला. ती सहज म्हणून गेली, “काका, बाबा अधूनमधून विचारायचे, पेणवरून कुणाचा फोन आला होता का म्हणून.” कशाबद्दल ते तिला ठाऊक नव्हतं. मी तिला सांगितलं नाही.

गावात शोकसभा झाली नाही. कट्ट्यावर मात्र कुणीतरी म्हणालं, तो तुमच्या खाडीकाठचा भांडकुदळ डॉक्टर गेला म्हणे. या वेळी मी भाजीला उठलो नाही. घरी आलो आणि हे लिहायला बसलो. समाजमंदिरात उभं राहून जे बोलायचं होतं ते इथे लिहितो. लिहिणं म्हणजे बोलणं नव्हे, हे मला कळतं. डॉक्टर असते तर हा कागद त्यांनी परत माझ्या हातात दिला असता.

गावकऱ्यांनो, नारायणदादा, बायांनो,

त्या बैठकीत तुमचे डॉक्टर खरं बोलत होते. त्यांना धंद्याची चिंता नव्हती, तुमच्या खांडीची होती. भांगाचे दिवस चालले आहेत हे मलाही ठाऊक होतं. मी तारीख बदलायला लावू शकत होतो. पण मुंबईचे पाहुणे येणार होते आणि त्यांच्यासमोर माईक माझ्या हातात असणार होता, म्हणून मी त्या माणसाला तुमच्यासमोर लबाड ठरवलं. तुम्ही हसलात, त्यात तुमचा दोष नाही, हसवलं मी. तुमचं शेत आणि तुमचे डॉक्टर तुम्ही माझ्यामुळे गमावलेत. आता मला काय म्हणायचं ते म्हणा. मी पेणला राहतो, दातार आळीच्या पुढे, गणपतीच्या कारखान्यासमोरच्या घरात. दार उघडं आहे. या.